आवाज द्या!

"आवाज द्या!"

पत्र्याच्या शेडमध्ये वाफ इतकी दाटलेली असे की शेजारच्या सतरंजीवर कोण आहे, तेही दिसत नसे. अशात काकांची ही हाक यायची आणि आम्ही एकेकानं "हाय!" म्हणायचं. सगळ्यांची हाय मिळाली, की शेवटी ते स्वतःच म्हणत, "अन् मी बी हाय." मगच पुढचं आसन.

तुम्ही म्हणाल, ही कसली योगाची रीत? ही भट्टीची रीत होती. काका जन्मभर जालन्यातल्या सळयांच्या कारखान्यात भट्टीवर होते. तिथल्या धुरात माणूस दिसत नाही, म्हणून एकमेकांना हाक मारून बघायचं. निवृत्त झाल्यावर पुण्याच्या लेकीनं त्यांना मोबाईलवर हॉट योगा दाखवला. काका पोट धरून हसले. "लोक पैसे देऊन घाम काढून राह्यले? म्या तर पगार घेऊन काढला!" पण त्याच थंडीत त्यांनी घरामागची शेड झाडून घेतली आणि क्लास सुरू केला. काकू बाहेर चुलीवर पाण्याचे हंडे उकळायच्या आणि आत आणून ठेवायच्या. दार पूर्ण लागू नये म्हणून काका फटीत एक वीट ठेवत. ती वीट कुणी हलवली, तर त्याची काही खैर नसे.

मी जन्माचा भित्रा माणूस. बियाण्यांच्या कंपनीत कारकून, त्यात रक्तदाब. पहिल्या दिवशी त्या वाफेत शिरलो तेव्हा बायकोला कुलदैवताचं नाव घ्यायला सांगून आलो होतो. काका नाडी बघत, पाणी पाजत, कुणाचा चेहरा उतरला की बाहेर बसवत. "जल्दी न्हाई करायची, भाऊ. अंग हळूहळू वितळतं."

आणि खरंच, हिवाळाभरात माझी धरलेली कंबर सुटली. गुडघे कुरकुरायचे थांबले. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं की माझे हात कापायचे, ते कापेनासे झाले. लांब श्वास घ्यायचा आणि आत जायचं. रात्री अंथरुणाला पाठ टेकली की झोप. बायको म्हणाली, "तुमचं घोरणं वाढलंय, पण माणूस सुधारलाय."

या झोपेनंच एकदा घोटाळा केला. शवासनात मला डुलकी लागली. काकांनी हाक दिली आणि माझी हाय गेली नाही. पुढचं कळलं ते एवढंच, की कुणीतरी मला बगलेत धरून अंगणात ओढतंय आणि डोक्यावर तांब्या उपडा होतोय. डोळे उघडले तर काका पांढरेफटक.

"झोपायचं तर घरी झोपा ना! आवाज काऊन न्हाई दिला?"

सगळे गेल्यावर ते पायरीवर बसले आणि त्यांनी मला सांगितलं. मे महिना होता, भट्टीवर जोडीदार होता. "म्या हाक मारली. त्यानं आवाज न्हाई दिला. मला वाटलं, पाणी प्यायला गेल्ता. तो तिथंच पडला व्हता, भाऊ. धा पावलांवर." मग म्हणाले, "सकाळी घाम निघाला, की रातच्याला तो सपनात येत न्हाई."

होळी पेटली की क्लास बंद, हा नियमही त्यांचाच. "उन्हाळ्यात ह्या शेडीत जाईल तो मरायलाच जाईल," असं ते दम देऊन सांगत.

एप्रिलमध्ये ते मला कोपऱ्यावरच्या दुकानाशी भेटले तर डोळे लाल. "झोपच न्हाई. तो परत येऊन राह्यला." मी म्हटलं, डॉक्टरला दाखवू. "बिलकुल दाखवू," म्हणाले आणि गेले.

त्याच आठवड्यात काकू लग्नासाठी पिंपळगाव रेणुकाईला गेल्या. जाताना मला म्हणाल्या, "दुपारच्याला एक चक्कर मारा, भाऊ. ते जेवत न्हाईत." मी डबा घेऊन गेलो. घर उघडं, पंखा चालू, काका नाहीत. मागं गेलो, तर शेडचं दार पक्कं लागलेलं आणि वीट बाहेर उन्हात पडलेली.

मी दाराशी उभा राहिलो आणि ओरडलो, "काका, आवाज द्या!"

आतून काही आलं नाही. जो माणूस सगळ्यांना हाक मारायचा, तो एकटाच आत गेला होता. त्याला हाक मारायला कुणी नव्हतं.

दार ढकललं. ते सतरंजीवर पडले होते, अंग तापलेलं आणि कोरडं. घामसुद्धा थांबला होता.

दवाखान्यात त्यांच्या तोंडात नळी होती. मी कानाशी वाकून म्हटलं, "आवाज द्या." त्यांनी एक बोट उचललं. तेवढंच. पहाटे ते गेले.

यंदा थंडी पडली आणि काकूंचा निरोप आला, "हंडे चढवलेत. या." मला त्या शेडची भीती वाटत होती, अजूनही वाटते. तरी गेलो, सगळेच आले होते. वीट आता दोरीनं दाराच्या कडीला बांधलेली होती.

वाफ दाटली. मग दारातून काकूंचा आवाज आला.

"आवाज द्या!"

आम्ही एकेकानं "हाय" म्हटलं. मी जरा मोठ्यानंच म्हटलं. आणि सगळ्यांची हाय संपल्यावर, सवयीनं, आम्ही शेवटच्या आवाजाची वाट बघत थांबलो.

"अन् मी बी हाय," काकू म्हणाल्या.