आलेपाकाचा डबा

सोनिया सिस्टरवर मी पहिल्याच दिवशी रागावलो होतो. केमोची बाटली लावण्याआधी तिने मला उलटी होऊ नये म्हणून एक इंजेक्शन दिले आणि अर्धा तास नुसते बसवून ठेवले. पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षे काढलेल्या माणसाला कोणी ताटकळत ठेवलेले सहन होत नाही. लोकांना ताटकळत ठेवायचे काम आमचे. मी घड्याळाकडे बोट दाखवले, तर ती म्हणाली, "अनंतराव काका, धरणाचे दरवाजे पूर यायच्या आधी उघडायचे का गाव बुडाल्यावर?"

मी बोट खाली घेतले.

ही सोनिया शहराबाहेरच्या शेंद्र्याची. वडिलांची, बद्रीनाथरावांची, थोडी जमीन कारखान्यांत गेली, राहिलेल्या जमिनीत ते अजून तूर लावतात. भाऊ त्यातल्याच एका कारखान्यात कामाला. ही रोज स्कूटीवरून शहरात येते आणि डे-केअरच्या, म्हणजे केमो घ्यायच्या हॉलमधल्या, आठ खुर्च्यांवर राज्य करते. आवाज शेताच्या बांधावरून हाक मारावी तसा. उलटी थांबवायच्या गोळ्यांनी पोट जड होते, म्हणून ती प्रत्येकाला विचारणारच. माझ्यासारख्या भिडस्त माणसाला भर हॉलमध्ये, "काका, आज पोट साफ झालं का?" असे विचारले की बाकीचे सातजण उत्तराची वाट बघत. शेवटी मी घरूनच चिठ्ठीवर लिहून आणू लागलो. तिने ती चिठ्ठीही मोठ्याने वाचली.

तिच्या टेबलावर स्टीलचा एक डबा असे. त्यात तिच्या आईने, वच्छलाबाईंनी, केलेला आलेपाक. बाटली सुरू झाली की सिस्टर प्रत्येकाच्या तळहातावर एक वडी ठेवायची, डॉक्टरांनाही सोडायची नाही. "आल्यानं मळमळ बसती," हे तिचे ठाम मत, आणि त्या डब्याचा तिला भारी अभिमान. मला तर वडी आवडायचीच. मी दोन मागायचो.

माझ्याबरोबरच्या पेशंट चंपाबाई वेरूळच्या. छातीच्या गाठीचे ऑपरेशन होऊन सहा केमो सांगितलेले. मुलगा सांडू पर्यटकांची जीप चालवतो, तो त्यांना सकाळी घेऊन यायचा. पहिल्या वेळी घरी गेल्यावर त्यांचे फार हाल झाले. तीन दिवस घड्याळाप्रमाणे घ्यायच्या गोळ्या त्यांनी देवघरात ठेवून दिल्या होत्या. उलटी झाली तरच घ्यायची, उगाच औषध का संपवायचे, असा हिशेब. सिस्टरने सांडूला फैलावर घेतले. दुसऱ्या वेळी गोळ्या वेळेवर घेतल्या, तरी काही उपयोग नाही. डॉक्टरांनी औषध वाढवून दिले.

तिसऱ्या वेळी मी शेजारच्याच खुर्चीवर होतो. चंपाबाई आल्या, बसल्या, बाटली अजून कपाटात होती, सुईसुद्धा टोचलेली नव्हती. सिस्टर हसत जवळ आली, "काय मावशी, बऱ्या हाव ना?" म्हणाली, आणि चंपाबाईंनी भडाभडा उलटी केली. सिस्टरने भांडे धरले, पाठ चोळली, तोंड पुसले. जरा दम आल्यावर चंपाबाई म्हणाल्या, "पोरी, आता मी येनार नाय. तू लई करतीस, पन मला नाय सोसत. काय व्हायचं ते होऊ द्या."

सांडूने भिंतीकडे तोंड केले. सहापैकी दोनच झाले होते. इथे सोडले तर काय होईल हे हॉलमधल्या आठही जणांना माहीत होते.

सिस्टर गेली नाही. खाली फरशीवर बसली आणि तिची नेहमीची चौकशी सुरू केली. "मळमळ कधी सुरू झाली?"

"येताना वाटेत हर्सूलचा तलाव आला की."

"बाटली तर इथं हाय, मावशी. घरी मळमळ कधी होती?"

"चहाला. चहा सोडला बघ मी. सून आलं ठेचती ना, त्या वासानंच पोटात ढवळतं. दुसरं काय बी चालतं."

सिस्टरने मान वर केली आणि टेबलावरच्या डब्याकडे बघितले. मग स्वतःचे हात नाकाशी नेले. सकाळपासून तिने सात जणांना वड्या वाटल्या होत्या.

उठून तिने डब्यावर दोन पिशव्या गुंडाळल्या, गाठ मारली आणि डबा माझ्या मांडीवर आणून ठेवला. "काका, हा घरी न्या. परत आणू नका." मग साबणाने कोपरापर्यंत हात धुतले, ॲप्रन बदलला, खिडकी उघडली. परत येऊन चंपाबाईंसमोर उभी राहिली.

"मावशी, चूक माझी हाय. पयल्या वेळी तुमाला लई तरास झाला आन् तवा तोंडात माझीच वडी होती. पोटानं दोनीची गाठ मारली. आता वास आला की पोट आधीच घाबरतंय. मी वाटत बसले आन् मलाच कळलं नाय."

वीस वर्षे नोकरी केलेली बाई भर हॉलमध्ये चूक कबूल करते! आमच्या खात्यात असे एकदाही घडले नव्हते. चंपाबाईंनी तिच्याकडे बघितले. "येडी का काय," त्या म्हणाल्या. "मग आता गं?"

"आज घरी जा. दोन दिसांनी या. मी डॉक्टरसायबांशी बोलते. तवा बी उलटी झाली, तर मी रोखनार नाय."

डॉक्टरांनी घरून निघण्यापूर्वी घ्यायची एक गोळी दिली, आधीच घाबरणारे पोट शांत ठेवणारी. सिस्टरने सांडूला बजावले, जीप तलावाच्या रस्त्याने आणायची नाही, लांबून ये. खायला भाकरी-दही, थंड, थोडे थोडे, आणि चार दिवस घरात फोडणी बंद. चंपाबाईंची खुर्ची खिडकीपाशी हलली. दोन दिवसांनी त्या आल्या तेव्हा मीही, माझी पाळी नसताना, रक्त तपासायच्या निमित्ताने जाऊन बसलो. बाटली लागली, थेंब थेंब संपली. भांडे कोरडे राहिले. घरी थोडी मळमळ झाली म्हणे, पण भाकरी पोटात टिकली. मग चौथी झाली, पाचवी, सहावी.

सहा महिन्यांनी तपासणीला आम्ही दोघे एकाच दिवशी गेलो. चंपाबाईंच्या डोक्यावर बोटभर केस आले होते. त्यांनी पिशवीतून डबा काढला, उघडला, आणि आल्याचा झणझणीत वास हॉलभर पसरला. सिस्टर भांडे घेऊन धावत आली.

"मावशी, कशाला हो! कुनी केला?"

"मीच. तीन बार करून पायला. पयल्या दोन्दा चुलीपासून पळाले."

त्यांनी एक वडी सिस्टरच्या हातावर ठेवली, एक माझ्या, आणि एक स्वतःच्या तोंडात टाकली. आम्ही दोघे न खाता त्यांच्याकडेच बघत होतो. सिस्टरच्या हातात भांडे तसेच होते. चंपाबाईंनी सावकाश चावले, गिळले, जरा तोंड वाकडे केले.

"ठिव ते भांडं खाली," त्या म्हणाल्या. "साखर जास्त झाली, येवढंच."

सिस्टरने भांडे ठेवले आणि ती रडायलाच लागली. मी माझी वडी खाल्ली. साखर खरेच जास्त झाली होती, तरी मी दुसरी मागून घेतली.