मॉनिटरचं जमलं

चौथीपर्यंत शाळा केली मी, तीही गुरांमागून वेळ उरला तर. पण मॉनिटर म्हणजे काय, हे मला कुणी शिकवायची गरज नाही. मास्तर तंबाखू मळायला बाहेर गेले की जो खडू घेऊन फळ्यापाशी उभा राहतो आणि बोलणाऱ्यांची नावं लिहितो, तो मॉनिटर. आमच्या वर्गात तो मान पाटलाच्या पोराचा. फळ्यावर पहिलं नाव माझं. तोंड मिटून बसलो तरी माझंच.

नातू नगरला होस्टेलात राहून शिकत होता. हातातल्या मोबाईलवर सगळं जग दिसायच्या आधीची गोष्ट. एक दिवस त्याचा फोन आला.

"आबा, मॉनिटरचं जमलं! सगळी रूम खूश हाय."

"खूश कशाला ठेवतो? धाकात ठेव."

तो हसला. "ठेवतो, आबा."

झालं. त्याच दिवशी शेवगावातून पेढे आणले आणि मारुतीच्या पारावर वाटले. आमचं पोरगं होस्टेलाचा मॉनिटर झालं म्हणून सांगितलं. आमचा चुलतभाऊ पेढा गालात धरून म्हणाला, "कॉलेजात कुठं असतो रं मॉनिटर?"

"तुला काय कळतंय? सोता जाऊन बघून येतो, मग सांगतो."

बोललो ते बोललो. धुतलेलं धोतर, फेटा, फडक्यात बाजरीच्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी, अशा तयारीनं एस.टी. धरली.

खोलीचं दार उघडंच होतं. दोरीवर ओले बनियन. चार-पाच दांडगी पोरं खाटांवर बसलेली, सगळ्यांची तोंडं एकाच कोपऱ्याकडं. माझ्याकडं कुणी वळूनही बघेना. नातू अंघोळीला गेला होता.

मी दारातूनच विचारलं, "मॉनिटर कुठाय?"

एकानं मान न वळवता बोट दाखवलं. "हा काय, आबा. बसा की. केबल लावलीय त्याला."

कोपऱ्यात उपड्या खोक्यावर काळी काच. शेजारी एक डबडं, खिडकीतून आत ओढलेली वायर, आणि काचेत क्रिकेट चाललेलं.

"मी माझ्या नातवाला विचारतोय. मॉनिटर झालाय तो."

पोरं एकमेकांकडं बघायला लागली. मग जी हसत सुटली! एक जण तर खाटेवरून खाली आला. "आबा, ह्यो कॉम्प्युटरचा मॉनिटर! काळा हाय, पण लई गुणाचा."

तेवढ्यात नातू टॉवेल गुंडाळून आला. मला बघितलं आणि चेहरा उतरला त्याचा. तिथंच कळलं मला.

"फोनवरच समजलं हुतं ना तुला, मी काय समजलो ते?"

"व्हय."

"मग?"

"तुमी लई खूश झाल्ता, आबा."

खूश! म्हातारा खूश झाला म्हणून त्याला भर पारावर पेढे वाटू द्यायचे? मी म्हणालो, "अडाणी असंन मी. पर खुळखुळा वाजवून गप करायला तान्हं पोर न्हाई."

एक शहाणा मधेच बोलला, "आबा, कुस्त्या लावू का? दुसऱ्या चॅनलवर हायत."

"तुझ्या बापाला दाव."

भाकरी खाटेवर टाकल्या आणि निघालो. नातू टॉवेलावरच जिन्यापर्यंत मागं आला, पाणी तरी प्या म्हणाला. प्यायलो नाही. एस.टी.त सगळ्या वाटेनं दात आवळून बसलो होतो. लाज नातवाची नव्हती. फळ्यावर परत माझंच नाव लिहिलं जाणार होतं, आणि खडू आता चुलतभावाच्या हातात होता.

तो फाट्यावर उभाच. माझीच वाट बघत असणार.

"काय, भेटला का मॉनिटर?"

"भेटला की."

"धाक हाय का पोरांवर?"

मी फेटा नीट केला. "असा धाक, की सगळी खोली त्याच्याकडं तोंड करून बसती. मी दारात उभा, तर एकानं मान वळवली न्हाई."

एक अक्षर खोटं बोललो नाही. चुलतभावाचं तोंड बघण्यासारखं झालं.

नातू आता सुप्याला कंपनीत आहे. भिंतीएवढा टीव्ही घेतलाय. जेवताना अजून ती गोष्ट काढून हसतो, मी फुगलो की म्हणतो, "आबा, सोडा की आता, किती वर्सं झाली."

त्याला काय जातंय म्हणायला. पेढे त्यानं वाटले नव्हते.