मोठी अक्षरं

लातूरच्या एका कोचिंग क्लासच्या ऑफिसात आम्हा दोघांत एकच लिनक्सचा लॅपटॉप होता. सकाळी मी निकालांचे तक्ते भरायचे, दुपारी माझे सहकारी ते तपासायचे. माणूस शांत. भूकंपापासून कुठंही गेले तरी दाराजवळचीच खुर्ची धरायचे. काहीही सांगा, आधी "हाव" म्हणून होकार द्यायचे, विचार मागून. त्यांना अक्षरं बारीक लागायची. "अख्खा तक्ता एका नजरेत आला पाह्यजे," म्हणायचे.

मला मात्र ती बारीक अक्षरं दिसेनाशी झाली होती. ती मोठी दिसावीत म्हणून मी रोज स्क्रीनचं रिझोल्यूशन कमी करायचे, पण लॅपटॉप पुन्हा सुरू केला की होतं तसंच. नोकरी जाईल या भीतीनं कुणाजवळ बोलले नव्हते.

एका सकाळी लॅपटॉप उघडला तर अक्षरं मोठीच आली. त्यानंतर रोजच तशी येऊ लागली. दुपारी ते तक्ता खालीवर सरकवत मुकाट्यानं काम करायचे.

एकदा मालकांनी विचारलं, "एवढी मोठी अक्षरं कुणाला लागतात?"



"मला, सर. आताशा बारीक दिसत न्हाई," ते म्हणाले.

मालक गेल्यावर मी त्यांच्याकडे पाहिलं.

"मॅडम, डोळे दाखवून या," ते हळूच म्हणाले. "तोवर मला दिसत न्हाई."