हळदीचं बोट

नुसतं पुस्तक हुंगून पोराचा निकाल सांगणारा माणूस साऱ्या भंडारा जिल्ह्यात एकच झाला, आणि तो नेमका माझ्या नशिबी मुख्याध्यापक म्हणून आला. आम्ही सगळे शिक्षकही त्यांना मोठे गुरुजी म्हणायचो. कोंढ्याजवळच्या आमच्या शाळेत परीक्षेआधी ते प्रत्येकाचं पुस्तक नाकाला लावायचे. फोडणीचा वास आला म्हणजे पोरगी चुलीपाशी वाचते, पास. शेणाचा आला म्हणजे पोरगा ढोरांमागं वाचतो, तोही पास. कोऱ्या कागदाचा आला की गुरुजींचं नाक फेंदारायचं. मी हसायचे, पण मेलं त्यांचं भाकीत कधी चुकायचं नाही.

एकदा तिसरीतल्या एका पोरीचं पुस्तक असंच कोरं करकरीत निघालं. पोर चुणचुणीत, पण वाचायला उभी केली की प्रत्येक जोडाक्षरापाशी अडायची.

"काहून गं, सरकारनं फुकट पुस्तक देल्लं, तुले उघडाले काय झालं?" गुरुजी कडाडले.

पोर रडकुंडीला आली. "मायनं पेटीत ठेवलं जी. तुमीच त सभेत सांगतलं, पुस्तकं जपा, साल सरलं का वापस घेऊ."

सांगितलं होतं खरंच, आणि तेही माइकवरून! गुरुजी घरोघर फिरले. कुठं लुगड्याच्या घडीत, कुठं धानाच्या बियाण्याशेजारी, अर्ध्या शाळेची पुस्तकं पेट्यांत निजलेली. "चूक माही," एवढंच म्हणाले. मग परीक्षेपर्यंत रोज मधल्या सुट्टीत त्या पोरीला शेजारी बसवून वाचून घेतलं.

पुढच्या जूनमध्ये पुस्तकं वाटताना त्यांनी समोर हळदीची वाटी ठेवली. प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या पानावर ओलं बोट उमटवायचं आणि म्हणायचं, "घे, झालं खराब. आता कोनी वापस मांगत नाही. वाच बिनधास." वरून कोणी विचारलं असतं तर काय सांगणार होते, देव जाणे. पण त्या साली ती पोर खडाखडा वाचू लागली, आणि तिच्या पुस्तकाला फोडणीचा वास आला.

गुरुजी आता निवृत्त होऊन कारध्याला लेकाकडे असतात. यंदा पुस्तकं मी वाटली. ती पोर सातवीत गेली. सगळे पांगले तरी ही मात्र पुस्तकं उराशी धरून उभीच.

"मॅडम, हळद लावून द्या ना जी. माय म्हनते, गुरुजीची पूजा झाल्याबिगर उघडाचं नाही."

खिचडीच्या खोलीतून हळद आणली, बोट लावलं. तिच्या हाती देण्याआधी पुस्तक नकळत नाकाशी नेलं. हळदीआड नुसता कोऱ्या कागदाचा वास. गुरुजींची फार आठवण आली.