गिरणीच्या इंजिनाची टकटक

"बंद कर, शांताबाई! फुटते आता ते!" मालक दारातून ओरडले. मी डिझेल तोडलं. मोताळ्याला आमच्या पिठाच्या गिरणीचं इंजिन चार दिवसांपासून टकटक करत होतं. आज हातोडी मारल्यासारखं वाजलं.

नवऱ्याचा हात पट्ट्यात गेल्यापासून इंजिन मीच चालवत होते. घर त्यावरच चालत होतं.

"तेल टाकते ना रोज?"

"हाव, मालक."

"मंग काऊन वाजते? साठ नंबरचं जाड तेल टाक. आवाज दबते. नाही तं उद्यापासून दुसरा माणूस पाहतो."

जाड तेलानं आवाज दबतो, दुखणं राहतं. थंड इंजिनात ते लवकर पोचतही नाही. आमच्या इंजिनाला तीस नंबरचं पातळ तेलच लागे. पण मालकांपुढे माझं तोंड उघडत नसे. कसंबसं म्हटलं, "आधी उघडून पाहू द्या."

व्हॉल्व्ह म्हणजे इंजिनाची दारं. एक हवा आत घेतं, दुसरं धूर सोडतं. वरून एक लोखंडी दांडी त्यांना दाबते. मध्ये पोस्टकार्ड सरकेल एवढीच फट ठेवतात. फट वाढली की टकटक.

झाकण काढलं. फटीत माझं बोट जात होतं! धुराचा व्हॉल्व्ह खालीच अडकला होता. त्याच्या दांड्यावर पिवळा, चिकट डिंक. हुंगला तर जवस.

मी तेलाच्या कुपीकडे धावले. या कुपीनंच मी रोज व्हॉल्व्हांवर चार थेंब सोडायची. आत जवसाचंच तेल. मी कुपी पुढे धरली. "हे कोणी भरलं?"

"मीच भरलं," आवाज ऐकून आलेली मालकांची आई म्हणाली. "चार दिवसांमागं, दसऱ्याच्या पूजेले. आत काळंमिट्ट तेल होतं. घाण्यावरचं ताजं भरलं. पोळ्याले बैलाले पुरणपोळी देतो, अन् वर्षभर दळणाऱ्याले घाण पाजाव काय?"

"माय, इंजिन हाये ते!" मालक ओरडले.

"मंग? जेवत नाही काय ते?"

मालक डोक्याला हात लावून पोत्यावर बसले.

जवसाचं तेल हवेत वाळून चिकटतं, तापलं की आणखी लवकर. म्हणून तर सुतार ते दारांना लावतात. व्हॉल्व्ह रॉकेलनं धुतले, फट बसवली, कुपीत तीस नंबर भरलं. इंजिन एका चालीत धडधडू लागलं. दुसऱ्या माणसाचं नाव मालकांनी पुन्हा काढलं नाही.

माझी छाती मात्र दिवसभर धडधडत होती. चार दिवस ते तेल मीच, माझ्या हातानं घातलं होतं. तेलाचा नंबर बदलण्याआधी कुपी हुंगून पाहावी.