विजेविना कॉम्प्युटर शिकवणारी

वीज नसलेल्या गावाला कॉम्प्युटर शिकवून दाखवील असं माणूस मी आयुष्यात एकच पाहिलं, आणि ती माझी सहकारी होती. नव्वदच्या दशकात पदवीनंतर एक वर्ष देशसेवा करण्याची एक योजना होती. गावोगावी जाऊन लोकांना कॉम्प्युटर शिकवायचा. मी जळगावचा, ती पिंपळनेरची. आम्हा दोघांना शिंदखेड्याजवळच्या एका गावी शाळेची एक खोली आणि एक कॉम्प्युटर मिळाला. ती तिथं देश घडवायला आली होती. मी नोकरीचं पत्र येईपर्यंत वेळ काढायला.

पहिल्याच दिवशी मुख्याध्यापकांनी मशीनला हार घातला आणि सगळ्यांना चपला बाहेर काढायला लावल्या. ही ताई चपला घालून आत गेली, हार काढून खिडकीला अडकवला आणि म्हणाली, "देवाला कुणी हात लावत नाही, सर. याला लावायचाय." बोलायची अशी, की समोरच्याला राग यायच्या आधी पटलेलं असायचं. वीज मंडळाला ती रोज एक पत्र लिहायची. वीज त्यानं कधी आली नाही, एकदा तिथला कारकून मात्र स्वतः सायकलवरून आला आणि हात जोडून म्हणाला, "ताई, आठवड्याला एकच लिहा." वीज नाही म्हणून मी वर्तमानपत्र उघडून बसायचो. तिनं शाळेच्या पटांगणात कीबोर्डच्या क्रमानं चुन्यानं चौकोन आखले, प्रत्येकात एक इंग्रजी अक्षर, आणि बायकांना सांगितलं, आपापल्या नावाची अक्षरं शोधून त्यांवर पाय द्या. कापसाच्या शेतातून परतलेल्या बायका पदर खोचून उड्या मारू लागल्या. एक म्हातारी अक्का कमरेवर हात ठेवून अहिराणीत कडाडली, "बठ्ठा अक्षरं उलटासुलटा शेतस! लावनारले ए-बी-सी येत नव्हती का?" ताई हसता हसता खाली बसली. मग अक्काचा हात धरून तिनं तिला एकेका अक्षरावर नेलं. स्वतःच्या नावाच्या शेवटच्या अक्षरावर अक्का बराच वेळ उभी राहिली, उतरेचना.

सहाव्या महिन्यात माझं पुण्याच्या नोकरीचं पत्र आलं. नियम मला ठाऊक होता: दोन सेवक असले तरच केंद्र चालायचं, आणि पुढच्याच आठवड्यात तपासणीला साहेब येणार होते. तिला सांगितलं असतं तर ती भांडली असती, किंवा भांडली नसती. मला दोन्हींची भीती वाटली. मी म्हटलं, आई आजारी आहे, चार दिवसांत येतो. तिनं एक शब्द न विचारता ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकऱ्या बांधून दिल्या आणि म्हणाली, "घाई करू नका, भाऊ. साहेबांना मी सांभाळते." त्या भाकऱ्या मी पुण्याच्या गाडीत खाल्ल्या. चांगल्या लागल्या, हे सांगायलाही लाज वाटते.

साहेबांना ती सांभाळू शकली नाही. केंद्र बंद झालं. माझ्या जळगावच्या पत्त्यावर तिचं कार्ड आलं, त्यात दोनच ओळी होत्या: "मशीन तालुक्याला नेलं. वर्ग चालू आहे." खोली गेली, मानधन थांबलं, तरी वर्ष पुरं होईपर्यंत तिनं त्या बायकांना शिकवलं. मी उत्तर लिहायला कितीदा बसलो. 'प्रिय ताई' लिहून उठलो.

बऱ्याच वर्षांनी ती नरडाण्याच्या स्टेशनवर दिसली. कानांजवळचे केस पिकलेले, आवाज तोच. गाड्यांची पाटी नीट लिहिली नाही म्हणून ती स्टेशनमास्तरला झापत होती. मला वाटलं मागं फिरावं. पण तिनं पाहिलं. शाळेत शिकवते म्हणाली, अक्का गेल्याचं सांगितलं. मी रुमालाची घडी घातली आणि म्हणालो, "ताई, तेव्हा माझं चुकलं."

"हो, चुकलंच," ती म्हणाली. ना 'नाही हो', ना 'जाऊ द्या'. गाडीला अजून अवकाश होता. तिनं बाकावरची आपली पिशवी उचलून मांडीवर घेतली, आणि मी तिच्या शेजारी बसलो.