दोन बंदुका नापास

अन्याय कुणावर झाला ते आधी लिहिते. आमच्या दुकानात बंदुकांच्या काउंटरवर उभे राहणाऱ्या काकांवर. कधी? मागच्या ऑक्टोबरात, थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीआधीच्या शनिवारी, सकाळी साडेअकराला, गिऱ्हाइकांची रांग लागलेली असताना. काकांनी तेव्हा डोळे मिटले होते, बंदूक कानाशी धरली होती आणि नेहमीचं वाक्य म्हटलं होतं, "थांब, तिला बोलू दे."

दुकान लंडनचं, म्हणजे आपल्या ऑंटारिओतल्या लंडनचं, हायवेलगत. तंबू, गळ, बूट, बंदुका. मी युनिव्हर्सिटीत शिकता शिकता तिथे तंबू विकत होते. काका नागपूरकडचे. तिकडे सरकारी बंदूक कारखान्यात सगळी नोकरी तपासनीस म्हणून काढलेली. मुलीकडे कॅनडात आले, घरी बसवेना, म्हणून लायसन्स काढून काउंटरला लागले.

इथल्या आपल्या मंडळींच्या जयंतीच्या कार्यक्रमाच्या तयारीत आमची ओळख झाली. मी बंदुकांविरुद्ध पत्रकं वाटणारी. पहिल्याच दिवशी तोंडावर सांगितलं, "काका, बंदुका विकणं मला पटत नाही."

"मलाही निम्म्या पटत नाहीत," ते म्हणाले आणि माझं पत्रक मागून घेतलं. कागद उजेडात धरला, दोनदा वाचला. "तिसरा पॅरा सैल आहे. हलवला की आवाज येतो." मी चिडले. घरी जाऊन तिसरा पॅरा काढून टाकला.

त्यांच्या वाट्याला स्वस्तातल्या पंप शॉटगन. पुढची मूठ मागे ओढली की रिकामं काडतूस बाहेर पडतं, पुढे ढकलली की नवं आत जातं. शेतकरी, बदकं मारणारे, आयुष्यातली पहिली बंदूक घेणारे, सगळे हीच मागतात. तुम्ही कधी पाहिलं असेल तर आठवा, गिऱ्हाईक रंग बघतं, वजन बघतं, खांद्याला लावून आरशात बघतं. काका यातलं काहीच बघत नसत.

"रंग उडेल, चालेल. दस्ता प्लास्टिकचा, चालेल. मूठ थोडी खडखडते, तेही चालेल. स्वस्त आहे, साधीच असणार. पण खोटी असून चालायचं नाही."

मग ते खोटी, बिनदारूची काडतुसं भरत. आधी मूठ सावकाश चालवत, मग रागाने, मग मुद्दाम अर्धवट. "घाबरलेला माणूस पुरी ओढत नाही, पोरी. तेव्हा ती अडकते का, ते मला आज कळलं पाहिजे." शेवटी बंदूक रिकामी करून, घोडा, म्हणजे काडतुसावर आपटणारा आतला हातोडा, चढवून, सेफ्टी लावून दस्ता रबराच्या मॅटवर जोरात आपटत आणि आत कट्ट असा आवाज येतो का ते ऐकत. नाही आला, तर चापाच्या कडीला दोऱ्याने पांढरी चिठ्ठी. तिच्यावर देवनागरीत 'पास', खाली सही. गिऱ्हाइकांना ते वाचता येत नसे, तरी जुनी माणसं यायची ती म्हणत, "गिव्ह मी वन विथ द लिटल टॅग."

एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने विचारलं होतं, "इज इट एनी गुड?"

"अग्ली, सर. बट ऑनेस्ट."

शेतकरी इतका हसला की तंबूंपर्यंत ऐकू आलं. त्याने तीच घेतली.

त्या शनिवारी अकरा नव्या आल्या. नऊंना चिठ्ठी बांधून झाली. दोघींच्या आत कट्ट झालं. आपटल्याबरोबर घोडा आपोआप पडत होता. आत खरं काडतूस असतं तर गोळी सुटली असती. चापाला बोट न लावता.

मॅनेजर म्हणाला, "द सेफ्टीज ऑन, इजन्ट इट?"

"सेफ्टी होल्ड्स द ट्रिगर, सर. द हॅमर इज फॉलिंग."

"इट्स अ बजेट गन, बडी. जस्ट साइन."

काकांनी पेन खिशात ठेवलं. रांगेतल्या सगळ्यांसमोर त्यांना बुटांच्या विभागात पाठवलं गेलं. वडिलांच्या वयाच्या माणसाला 'बडी' म्हणून. त्या दोन बंदुका मांडणीवर गेल्या. तासाभरात काकांनी बुटांचे तीन जोडही नापास केले, हे सांगितलं पाहिजे.

पाचला शिफ्ट संपली. काका कोट घालून गिऱ्हाइकासारखे काउंटरवर गेले, लायसन्स पुढे केलं आणि त्या दोन्ही बंदुका विकत घेतल्या. ज्या माणसाने जन्मात स्वतःची बंदूक घेतली नव्हती, त्याने.

पार्किंगमध्ये मी त्यांना गाठलं. "काका, त्यांचाच खराब माल तुम्ही त्यांच्याकडून घेतलात. त्यांचा फायदाच केलात."

"केला."

"हे वर न्यायला हवं. कंपनीकडे, पोलिसांकडे, पेपरात."

"ने ना. तू पत्रक लिही, मी वाचून देतो. पण तुझं छापून होईपर्यंत ह्या कुणाच्या घरी जायला नकोत."

सुट्टी संपल्यावर त्यांनी पोलिसांना बोलावून दोन्ही मोडीत काढायला दिल्या. कड्यांना चिठ्ठ्या होत्या. 'नापास' असं त्यांच्या अक्षरात मी पहिल्यांदाच पाहिलं. खाली इंग्रजीत दोष लिहिला होता, वाचणाऱ्याला त्रास नको म्हणून. मी कंपनीला पत्र लिहिलं. उत्तर आलं, ही अंतर्गत बाब आहे.

बर्फ पडायच्या आत मुलीला पार पश्चिम किनाऱ्यावर, बर्नाबीत नोकरी लागली आणि काका तिच्याबरोबर गेले. रविवारी फोन येतो. तिकडच्या पावसाला नावं ठेवतात, माझा अभ्यास विचारतात. बंदुकांचा विषय त्यांनी एकदाच काढला.

"नवा माल आला का गं?"

"आला, काका. दोन खेपा."

"कोण तपासतं?"

मी तंबूंचं सांगायला लागले. त्यांनी ते ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बरं. जेवलीस का?"

कोण तपासतं, ते मला बघता येत नाही. मी तंबू विकते, काउंटरच्या आत मला जाऊ देत नाहीत. तुम्ही गिऱ्हाईक म्हणून जाऊन विचारू शकता. तुम्ही बंदूक घेणार नसाल, पण तुमचा शेजारी घेतो, आणि त्याच्या बेसमेंटची भिंत तुमच्या मुलांच्या खोलीला लागून आहे. या आठवड्यात तुमच्या गावातल्या अशा दुकानात जा. सगळ्यात स्वस्त बंदुकीकडे बोट दाखवा आणि विचारा, ही आपटून कुणी पाहिली? माणसाचं नाव मागा. नाव मिळेपर्यंत काउंटर सोडू नका.